घाट उतरणारी सायकल: ब्रेकची दीडशे वर्षं

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, की गावाच्या नावासोबत आणखी एक खुलासा हमखास मिळतो: घाटावरचं की घाटाखालचं. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन मजले केले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद. वर पठारावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. वऱ्हाडाची हीच वाटणी जुन्या कागदपत्रांत पयनघाट आणि बालाघाट या नावांनी सापडते.

इंग्रजांच्या काळात या वाटणीला नवं वजन आलं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची मुंबई-नागपूर लाइन १८६७ मध्ये पूर्ण झाली, ती घाटाखालून. खामगावच्या कापसाच्या बाजारासाठी जलंबपासून छोटा फाटा काढला गेला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी स्वतः येऊन त्याचं उद्घाटन केलं. पण साहेबाची कचेरी मात्र थंड हवेच्या बुलढाण्याला, घाटावर. तिथे रेल्वे आजही पोचलेली नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी तर शंभर वर्षं जुनी झाली. त्यामुळे स्टेशनावर उतरलेला माल असो की माणूस, कचेरी गाठायची तर घाट चढणं आलंच. मलकापूर-मोताळ्याकडून आलं तर राजूर घाट, खामगावकडून आलं तर बोथ्याचा घाट. मलकापूर ते बुलढाणा अंतर पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आणि उंचीतला फरक जवळपास चारशे मीटर.

सायकलवाल्याला या चढाचं फार काही वाटत नाही. दम लागला की उतरायचं आणि सायकल हाताने ढकलत न्यायची. खरा प्रश्न परतीच्या वाटेवर उभा राहतो. म्हणूनच सायकलच्या ब्रेकचा इतिहास या घाटाच्या बाजूने वाचून पाहण्यासारखा आहे. पुस्तकात तो जिन्यासारखा मांडलेला असतो: आधीचा ब्रेक वाईट, पुढचा बरा, शेवटचा सगळ्यात उत्तम. प्रत्यक्षात कुठला ब्रेक टिकला आणि कुठला गेला, हे त्याच्या पकडीवर जेवढं ठरलं, त्याहून जास्त रस्ता, ओझं आणि तो दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या पेटीतली हत्यारं यांवर ठरलं.

आधी थांबायचं ते पायांनी

१८१७ मध्ये जर्मनीतल्या मानहाइम गावात कार्ल फॉन द्राइस यांनी एकामागे एक दोन चाकं लावलेली लाकडी गाडी चालवून दाखवली. तिला पेडल नव्हतं. पायांनी जमीन मागे रेटायची आणि थांबायचं झालं की मुख्यतः पायच रोवायचे. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांच्या कारखान्यात पुढच्या चाकाला पेडल बसलं आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. मग थांबायचं कशाने? हॅण्डलची आडवी दांडी मनगटाने पिळली की दोरी ताणली जाऊन मागच्या चाकाच्या लोखंडी धावेवर एक पट्टी दाबली जाई. कल्पना घोडागाडीच्या ब्रेकवरूनच उचललेली होती.

१८७०च्या दशकात पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीपर्यंत गेलं. मोठं चाक म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात जास्त अंतर. हॅण्डलजवळचा खटका ओढला की चमच्यासारखी वाकवलेली लोखंडी पट्टी थेट टायरवर घासे, म्हणून त्याला चमचा ब्रेक म्हणू लागले. चालवणारा बसायचा पुढच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर. उतारावर घाबरून चमचा जोरात दाबला, की मागचं चाक उचललं जाऊन तो हॅण्डलवरून तोंडघशी पडे. हे इतकं नेहमीचं होतं, की सरावलेले लोक उतारावर दोन्ही पाय हॅण्डलवरून पुढे टाकून बसत; फेकले गेलोच तर निदान पायांवर पडू, असा हिशेब. थॉमस स्टीव्हन्स हा गृहस्थ १८८४ ते १८८६ या काळात अशाच उंच चाकावर जगाला फेरी मारून आला. हिंदुस्थानात त्याने लाहोरहून कलकत्त्याचा ग्रँड ट्रंक रोड धरला. तो जवळजवळ सपाट रस्ता होता, तिथे चमच्यावर भागण्यासारखं होतं.

१८८५ मध्ये कोव्हेन्ट्रीच्या जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, मागच्या चाकाला चेन, माणूस दोन चाकांच्या मध्ये. आजची सायकल तिचीच वारस. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेचं टायर काढलं. सायकल मऊ चालू लागली, पण चमचा ब्रेकचे दिवस भरले. टणक रबरावर लोखंड घासलेलं चाले. हवेच्या टायरवर तेच घासलं की टायर झिजून फाटायचं.

शिवाय एक अडचण अजून तशीच होती. मागचं चाक आणि पेडल एकमेकांना पक्के जोडलेले. चाक फिरलं की पेडल फिरणारच. सपाटीवर याचा फायदा होता: पायाने उलटा जोर दिला की वेग आपोआप कमी होई. उतारावर मात्र पेडल पायांच्या आवाक्याबाहेर भिरभिरू लागे आणि पाय उचलून चिमट्यावरच्या खुंट्यांवर ठेवण्याशिवाय गत्यंतर नसे. एकदा पाय निघाले की सायकल कुणाचीच राहत नसे. फ्रान्सच्या डोंगराळ भागात सायकलवाले झाडाची फांदी मागे बांधून घाट उतरत. इंग्लंडमध्ये सायकलवाल्यांच्या संघटनांनी अवघड उतारांच्या माथ्यावर धोक्याच्या पाट्या स्वतःच्या खर्चाने लावल्या. रस्त्यावर ‘पुढे उतार आहे’ अशी सूचना देणं पहिल्यांदा गरजेचं वाटलं ते सायकलमुळे.

एका प्रश्नाची तीन उत्तरं

एकोणिसावं शतक संपता संपता फ्रीव्हील आलं. उतारावर पाय स्थिर ठेवून नुसतं बसता येऊ लागलं. पण पायाचा उलटा जोरही त्यासोबत गेला. आता सायकलला खरोखरीचा ब्रेक लागणार होता. त्यावर तीन वेगवेगळी उत्तरं पुढे आली आणि तिन्ही अवघ्या दहा वर्षांच्या आत.

पहिलं उत्तर मागच्या चाकाच्या तुंब्यात दडवलेलं होतं. पेडल उलटं दाबलं की आतले तुकडे फाकून तुंब्याच्या भिंतीला आतून घासत. हा पायब्रेक. अमेरिकेत असे ब्रेक १८९८च्या सुमारास विकले जाऊ लागले. जर्मनीत श्वाइनफुर्टच्या एर्न्स्ट झाक्स यांचा ‘टॉर्पेडो’ १९०३ मध्ये आला आणि पुढची अनेक दशकं युरोपभर चालला. हात मोकळे, पावसापाण्याची फिकीर नाही, चिखल आत शिरत नाही.

दुसरं उत्तर वायरचं. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी १८९६ मध्ये एक साधी युक्ती पेटंट केली: गुंडाळलेल्या तारेच्या नळीतून एक बारीक वायर ओवायची. नळी कशीही वळवा, वायर ओढली की दुसऱ्या टोकाला तेवढीच ओढ पोचते. आजच्या सायकलीचा ब्रेक, स्कूटरचा क्लच, मोटारसायकलचा अॅक्सिलेटर, सगळ्यांचं मूळ इथे आहे.

तिसरं उत्तर दांडीचं, म्हणजे रॉड ब्रेकचं. हॅण्डलखाली हॅण्डलला समांतर जाणारा खटका. तो वर ओढला की सांध्यांतून फिरत ओढ एका उभ्या सळईला लागते, सळई खालच्या नालेच्या आकाराच्या पट्टीला वर खेचते आणि पट्टीच्या दोन टोकांची रबरं रिमला आतल्या बाजूने, म्हणजे आरे निघतात त्या अंगाने, जाऊन भिडतात. त्यासाठी रिमची घडणही खास: मधे फुगीर आणि दोन्ही कडांना रबर टेकायला जागा. मागच्या चाकाची सळई तर फ्रेमच्या कडेने वळसे घेत जाते. सगळं लोखंडी, सगळं उघडं, डोळ्यांना दिसणारं.

अमेरिका आणि जर्मनीने पहिलं उत्तर उचललं. ब्रिटनच्या कोव्हेन्ट्री, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅमच्या कारखान्यांनी आपल्या दणकट ‘रोडस्टर’ सायकलींसाठी तिसरं. आणि रॅले, बीएसए, हम्बर, हर्क्युलिस, फिलिप्स या ब्रिटिश कंपन्यांचा माल जिथे जिथे गेला, तिथे तिथे रॉड ब्रेक गेला. हिंदुस्थानने काही तिन्ही ब्रेक तोलून बघितले नव्हते. जे जहाज बंदराला लागलं, त्यातला ब्रेक आपल्या वाट्याला आला. उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा, ही आपली सवयही तिकडचीच. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या देशात उजवीकडे वळताना उजवा हात दाखवायचा, तेव्हा डाव्या हाताखाली मागचा ब्रेक राहिलेला बरा.

मुंबई बंदर ते घाटमाथा

मराठी मुलखात सायकल सुरुवातीला चैनीची वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. मुंबईला शिकवायला असताना त्यांनी सायकल पाहिली, शिकली आणि १८८८ मध्ये बेळगावात भावासोबत सायकलचं दुकान काढलं. तेव्हा एका सायकलला सातशे ते हजार रुपये पडत आणि चालवायला शिकवण्याची फी पंधरा रुपये होती. किर्लोस्करांचा पुढचा सगळा उद्योग या दुकानातून उगवला.

विसाव्या शतकात ब्रिटिश कारखान्यांचं उत्पादन प्रचंड वाढलं, किमती उतरल्या आणि सायकल साहेब-वकिलांकडून मास्तर, तलाठी, पोस्टमन यांच्यापर्यंत आली. स्वातंत्र्याच्या आसपास देशी कारखाने उभे राहिले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, १९४९ मध्ये मद्रासची टीआय सायकल्स, आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनिपतला जानकीदास कपूर यांची अॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्यात मुंजाल बंधूंची हीरो. आकडे पाहिले की वेग कळतो. १९५०-५१ मध्ये देशात सुमारे एक लाख सायकली बनल्या, १९६०-६१ मध्ये दहा लाखांहून जास्त आणि १९७०-७१ मध्ये वीस लाखांवर. यातल्या मोठ्या भागाला ब्रेक होता तो रॉड ब्रेकच. ब्रिटनने पुढे तो टाकून दिला. आपण मात्र त्याचे साचे चालू ठेवले.

याचं कारण देशी कारखान्यांचा आळस एवढंच सांगून भागत नाही. भारतात सायकलचं काम बदललं होतं. नॉटिंगहॅममध्ये ती एका माणसाला कामावर नेई. इथे तिने बैलगाडीचं काम अंगावर घेतलं. दुधाच्या कॅन, ज्वारीचं पोतं, भाजीच्या पाट्या, नांगराचा फाळ, कॅरिअरवर बायको आणि दांडीवर पोर, सगळं त्याच दोन चाकांवर. वीस किलोच्या पुढची लोखंडी सायकल आणि तिच्यावर तिच्या दुप्पट-तिप्पट ओझं. असल्या सायकलला नाजूक काही चालणार नव्हतं.

उताराचा हिशेब

राजूर घाटासारख्या उतारावर ब्रेकला नेमकं काय करावं लागतं, हे एका साध्या हिशेबाने समजतं. माणूस आणि सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरा आणि ते दोनशे मीटर उंचीवरून खाली येतंय असं समजा. गुरुत्वाने त्यात घातलेली ऊर्जा भरते दीड लाख ज्यूलच्या पुढे. तळाला सायकल उभी राहायची तर एवढी सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी वाऱ्यात जाते, थोडी रस्त्यावर. हळू उतरणाऱ्याच्या बाबतीत बरीचशी ब्रेकमध्ये. अर्धा लिटर पाण्याचं चहाचं आधण उकळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही उष्णता. दोन पोती मागे असतील तर हिशेब दुपटीवर जातो.

ही उष्णता कुठे निर्माण होते, त्यावर ब्रेकचं नशीब ठरतं. रिमवरच्या ब्रेकमध्ये ती पूर्ण रिमवर पसरते आणि चाक फिरताना वाऱ्याने निवते. तुंब्यातल्या ब्रेकमध्ये ती मुठीएवढ्या धातूत कोंडते. याचा धडा पुढे कॅलिफोर्नियात मिळाला. १९७६ पासून तिथल्या मरिन काउंटीत काही पोरं जुन्या, पायब्रेकच्या सायकली घेऊन डोंगरातल्या एका मातीच्या रस्त्यावर शर्यती लावत. उतार सुमारे तेराशे फुटांचा, म्हणजे चारशे मीटरचा. मलकापूर आणि बुलढाण्याच्या उंचीत फरक आहे तेवढाच, पण अवघ्या साडेतीन किलोमीटरमध्ये उतरणारा. तळाला पोचेपर्यंत तुंब्यातलं ग्रीस जळून धूर निघे आणि दर खेपेला तुंबा उघडून नवं ग्रीस भरावं लागे. त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. याच पोरांनी मग दुसरे ब्रेक, दुसरी चाकं लावत माउंटन बाइक घडवली. ब्रिटिश कारखान्यांनी पायब्रेक न स्वीकारता रिमवरचा ब्रेक धरला, तो घाटाच्या दृष्टीने नकळत बरोबर ठरला.

पण रॉड ब्रेकची एक दुखरी बाजूही होती: पाऊस. आपल्या सायकलींच्या रिमा पोलादाच्या, वर क्रोमचा मुलामा. कोरड्या रिमवर रबर छान धरतं. ओल्या क्रोमवर ते सरकतं. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीत झालेल्या चाचण्यांत ओल्या पोलादी रिमवर नेहमीच्या रबराची पकड कोरड्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत खाली आलेली दिसली. मृगाच्या पावसात घाट उतरणाऱ्याला हे चाचणीशिवाय ठाऊक होतं. तो उताराच्या आधीच ब्रेक हलका दाबून धरायचा, रिमवरचं पाणी पुसलं जाईपर्यंत. नाहीतर सरळ खाली उतरून चालायचा.

घाटाखाली वेगळाच ताप. पूर्णेच्या खोऱ्यातली कापसाची काळी माती भिजली की टायरला चिकटते, टायरवरून चिमट्यात आणि ब्रेकच्या पट्टीत जाऊन बसते. थोड्या वेळाने चाक फिरायचंच थांबतं. ब्रेक न दाबता लागलेला हा ब्रेक. मग तुराटीच्या काडीने गाळ उकरत बसायचं, नाहीतर सायकल खांद्यावर घ्यायची. कुठल्याच कारखान्याने या मातीसाठी ब्रेक बनवला नव्हता.

आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या चुकीची शिकवली गेली. ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील’ हा सल्ला प्रत्येक बापाने पोराला दिला. त्यात उंच चाकाच्या जमान्यातली भीती आहे आणि थोडं तथ्यही. पण दोन सारख्या चाकांच्या सायकलवर वेग कमी होताना भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं आणि नुसता मागचा ब्रेक आवळला तर ते घसरतं. नुसत्या मागच्या ब्रेकने सायकल जेवढी लवकर थांबते, त्याच्या साधारण दुप्पट जोराने पुढचा ब्रेक ती थांबवू शकतो. दोन्ही ब्रेक मिळून, पुढचा हळूहळू वाढवत दाबायचा, हे कौशल्य होतं. आपण त्याऐवजी भीती शिकवली.

पाना, रबर आणि आऊट

रॉड ब्रेक एवढा टिकला त्याचं मोठं श्रेय एसटी स्टँडाजवळच्या सायकल दुकानाला जातं. पत्र्याची टपरी, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेलं घमेलं, खांबाला टांगलेली जुनी टायरं, एक हवेचा पंप आणि भाड्याने द्यायच्या रांगेतल्या सायकली. तासाच्या हिशेबाने सायकल मिळायची आणि वहीत नाव लिहिलं जायचं. या दुकानदाराला रॉड ब्रेकचं काहीही अवघड नव्हतं. सळईवरचा नट पान्याने सैल करायचा, सळई खाली-वर सरकवून रबर आणि रिममधलं अंतर जमवायचं, नट पुन्हा आवळायचा. रबर संपलं तर नवं घालायचं; नवं नसेल तर जुन्या टायरचा तुकडा कापून ठोकायचा. सळई वाकली तर दगडावर ठेवून सरळ करायची. वायर ब्रेकची आतली तार एकदा का तुटली, की दुसरी मिळेपर्यंत सायकल निकामी. सळई कधी तुटतच नसे.

चाक डुगडुगू लागलं की रिमचा आऊट काढायचा, म्हणजे आरे आवळून-सैल करून चाक पुन्हा गोल करायचं. रॉड ब्रेकला याची फार गरज. त्याचं रबर रिमला खालून लागतं, त्यामुळे चाक डावी-उजवीकडे थोडं हललं तरी चालतं. पण गोलाईत उंचसखल झालं की दर फेऱ्याला ब्रेक एकदा धरतो, एकदा सोडतो. वायरच्या ब्रेकचं नेमकं उलटं. वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी ओव्हरऑइलिंग झालं, म्हणजे सगळे सांधे खोलून, ग्रीस भरून सायकल परत जोडली, की ब्रेकही नवा.

आणि जी पोरं भाड्याची सायकल कैची मारून, दांडीखालून पाय घालून शिकली, त्यांचे हात खटक्यापर्यंत पुरतच नसत. अनेक भाड्याच्या सायकलींना ब्रेक नावालाच असे. पोरं सरळ चप्पल टायरवर दाबत. दीडशे वर्षांपूर्वीचा चमचा ब्रेक दर उन्हाळ्याच्या सुट्टीत असा नव्याने शोधला जाई.

ब्रेक हरला कुणाकडून

मग रॉड ब्रेक गेला कसा? त्याला हरवायला चांगला ब्रेक आला, असा समज असेल तर घटनांचा क्रम बघावा लागेल.

१९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिकने लुना बाजारात आणली. पेडल असलेली, पेट्रोलवर चालणारी, सायकलवाल्याला सहज पेलणारी गाडी. १९८४ मध्ये हीरो सायकल्सच्याच मुंजाल कुटुंबाने जपानच्या होंडाशी भागीदारी केली आणि पुढच्या वर्षी हीरो होंडा सीडी हंड्रेड रस्त्यावर आली. एका लिटरमध्ये लांब जाणारी. १९८६ मध्ये हीरो सायकल्सचं नाव जगातले सर्वात मोठे सायकल उत्पादक म्हणून गिनीज बुकात नोंदलं गेलं. एकाच घराण्याने त्याच दशकात जगात सर्वाधिक सायकली बनवल्या आणि सायकलवाल्याच्या हाती मोटारसायकलही दिली.

जो दूधवाला, जो मास्तर, जो भाजीवाला पोत्यासह घाट चढत-उतरत होता, तो आधी लुनाकडे, मग मोटारसायकलकडे गेला. घाट चढताना ढकलणं संपलं आणि उतरताना ब्रेकची काळजीही कमी झाली. मोटारसायकलला ड्रम ब्रेक होता आणि गिअरमध्ये ठेवलं की इंजिनही गाडी धरून ठेवायचं. जनगणनेत हे उतरलेलं दिसतं. २००१ मध्ये देशातल्या सुमारे १२ टक्के घरांत स्कूटर, मोपेड किंवा मोटारसायकल होती; २०११ मध्ये २१ टक्के घरांत. सायकल असलेली घरं मात्र दोन्ही वेळा ४४-४५ टक्क्यांच्या आसपासच. सायकल घरात राहिली, पण घरातला तिचा माणूस बदलला. बापाकडून ती शाळेत जाणाऱ्या पोरांकडे आली.

ओझं गेलं तसं दणकटपणाचं महत्त्वही गेलं. १९९०च्या दशकात भारतीय कंपन्यांनी ‘एमटीबी’ नावाने जाड टायरच्या, रंगीत, सरळ हॅण्डलच्या सायकली आणल्या. कॅलिफोर्नियातल्या त्या उतारावर जन्मलेली आकृती इकडच्या शाळकरी मुलांपर्यंत आली, वायर ब्रेक घेऊन. जपानच्या शिमानोने १९९६ मध्ये लांब भुजांचा व्ही-ब्रेक काढला. बोटांच्या थोड्या जोरावर रिम घट्ट धरणारा. तोही काही वर्षांत स्वस्त रूपात सगळीकडे दिसू लागला. रॉड ब्रेकची काळी सायकल बंद पडली नाही, पण ती म्हाताऱ्यांची आणि फेरीवाल्यांची झाली. २०२० च्या ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच, अॅटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केला. एका जमान्याची बाजारपेठ किती आटली होती, हे त्यातून दिसलं.

आता कुठला ब्रेक?

आज जिल्ह्यातल्या कुठल्याही सायकल दुकानात तीन प्रकार शेजारी उभे दिसतात. जुना रॉड ब्रेक, वायरचा व्ही-ब्रेक आणि चकचकीत डिस्क ब्रेक. तिन्हींची तुलना घाटाच्या हिशेबानेच करावी.

डिस्कची चकती तुंब्याजवळ, रस्त्यापासून बरीच वर असते. रिम ओली असो, चिखलाने माखलेली असो, चाकाला थोडा आऊट आलेला असो, डिस्कचं काही बिघडत नाही. काळ्या मातीच्या मुलखाला आणि मृगाच्या पावसाला सोयीचा असा ब्रेक आपल्याकडच्या सायकलला प्रथमच मिळाला आहे. रस्त्यावरच्या स्पर्धांच्या जगाने मात्र त्याला बराच काळ दाराबाहेर ठेवलं. या शर्यतींत आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला पूर्ण परवानगी २०१८ मध्ये दिली. त्याचं दुखणं दुरुस्तीत आहे. स्वस्त सायकलवरची पातळ चकती स्टँडावर दुसरी सायकल अंगावर पडली की वाकते, पॅडला तेलाचा हात लागला की पकड जाते आणि नेमक्या मापाचं पॅड तालुक्याला मिळेलच असं नाही.

व्ही-ब्रेक हलका, जोरदार आणि स्वस्त. अॅल्युमिनियमच्या रिमवर तो पावसातही बऱ्यापैकी धरतो, कारण ओल्या अॅल्युमिनियमवर रबराची पकड क्रोमइतकी ढासळत नाही. पण स्वस्त सायकलीला पोलादी रिम आणि वर व्ही-ब्रेक असेल, तर रॉड ब्रेकची पावसाळ्यातली जुनी दुखणी तशीच राहतात, फक्त दिसायला नवी. शिवाय वायर गंजते, नळीत धूळ जाते आणि खटका जड होत जातो.

रॉड ब्रेक पकडीत या दोघांच्या मागे आहे, यात वाद नाही. त्याने जपलेली गोष्ट वेगळी होती: ब्रेक कसा चालतो हे चालवणाऱ्याला बघून कळत होतं आणि तो दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक मोठ्या गावात होता. ब्रेक सुधारला आणि त्याच वेळी तो जोडणारा-आवळणारा कारागीर टपरीतून उठून मोटारसायकलच्या गॅरेजात गेला. नव्या ब्रेकच्या फायद्यातून हे नुकसान वजा करायला हवं.

हे वजा करणं आज ज्यांच्यासाठी सर्वात महत्त्वाचं आहे, त्या शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मदत दिली जाते. बुलढाणा जिल्हाही त्यात आहे. गावापासून शाळा काही किलोमीटरवर, वाटेत उतार, पावसाळ्यात चिखल, दप्तर पाठीवर आणि मागे मैत्रीण. या सायकलीवरचा ब्रेक कुठला असावा, याचं उत्तर या सगळ्या इतिहासातून निघतं. सपाटीवरच्या गावांत साधा वायर ब्रेक पुरे, पण रिम अॅल्युमिनियमची हवी. घाटाच्या पायथ्याच्या आणि माथ्यावरच्या गावांत पुढच्या ब्रेकवर पैसे जास्त घालावेत आणि तो कसा दाबायचा हे शाळेच्या मैदानावर शिकवावं. रबर, वायर आणि नळी या तीन सुट्या भागांचा संच सायकलीसोबतच द्यावा आणि शाळेतल्या एखाद्या शिपायाला किंवा मोठ्या मुलींना ते बदलायला शिकवावं. सायकल खरेदी करताना रंग, कॅरिअर आणि जाळी बघितली जाते; ब्रेकचं रबर त्या सगळ्यांत स्वस्त असतं आणि म्हणूनच शेवटी आठवतं. उतार असलेल्या जिल्ह्यात त्याचा विचार सगळ्यात आधी व्हायला हवा.